सिझरच्या व्रणावर रुजलेला गर्भ: पिशवी वाचवून उपचार होतात का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुमचं वय 31, चार वर्षांपूर्वी एक सिझर झालेलं. शेवटच्या पाळीपासून सहा आठवडे तीन दिवस झालेत, थोडे तपकिरी डाग दिसतात, दुखत काही नाही. पहिल्या सोनोग्राफीत ‘सॅक (गर्भाभोवतीची पाण्याची थैली) खाली आहे, गर्भपात होतोय’ असं सांगून क्युरेटिंगचा, म्हणजे पिशवी आतून खरवडून साफ करण्याचा, सल्ला मिळाला. दुसरीकडे खालून सोनोग्राफी केली, तेव्हा गर्भ जुन्या सिझरच्या व्रणावर रुजलेला दिसला. ठोके चालू आहेत, बीटा एचसीजी (रक्तातलं गर्भधारणेचं संप्रेरक) 18,400 आहे, आणि गर्भ व मूत्राशय यांच्यामधली पिशवीची भिंत 3 मिलिमीटर उरली आहे. तुम्ही विचारता आहात की इंजेक्शनने भागेल का, पिशवी काढावी लागेल का, आणि दुसरं मूल होईल का.

या तिन्हींचं उत्तर गर्भ नेमका कुठे रुजलाय आणि त्याच्यामागे किती स्नायू शिल्लक आहे, यावर ठरतं. इंजेक्शन की शस्त्रक्रिया, हा त्याच्या पुढचा प्रश्न. तरी तुमचा जीव टांगणीला लागलाय, म्हणून आधीच सांगते: इतक्या लवकर निदान झालं असेल आणि जोराचा रक्तस्राव नसेल, तर पिशवी बहुतेक वेळा वाचते आणि पुढची गर्भधारणाही होऊ शकते. क्युरेटिंगला लगेच होकार न देता दुसरं मत घेतलंत, त्याने तुमच्या हातातले बरेचसे पर्याय शाबूत राहिले.

त्याआधी एक ताकीद. जोराचा रक्तस्राव, पोटात अचानक कळ, चक्कर, घेरी किंवा खांद्याच्या टोकाला दुखणं यातलं काहीही झालं, तर पुढचं वाचत बसू नका. शस्त्रक्रिया आणि रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयात तडक जा. ‘उद्या सकाळी बघू’ हे इथे चालत नाही.

आता मूळ मुद्दा. गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा, म्हणजे एक्टोपिक, शंभरात एक-दोघींना होते आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक गर्भनलिकेत असतात. त्यामुळे तुम्ही जे काही वाचलंत, एचसीजी 5000 च्या खाली असेल तर मेथोट्रेक्सेट (गर्भाची वाढ थांबवणारं इंजेक्शन), चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासायचं, 15 टक्के घट हवी वगैरे, ते सगळं नळीतल्या गर्भासाठी ठरलेलं आहे. व्रणावरचा, गर्भाशयमुखातला, बीजांडकोषातला किंवा नळीच्या मुळाशी स्नायूत अडकलेला गर्भ हे विरळा प्रकार आहेत आणि त्यांना नळीचे नियम जसेच्या तसे लावले तर नुकसान होतं.

फरक कुठे पडतो ते सांगते. नळ्या दोन असतात. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या, अनेक देशांतल्या चाचणीत दुसरी नळी निरोगी असलेल्या स्त्रियांचे दोन गट केले होते. एका गटात नळी ठेवून फक्त गर्भ काढला, दुसऱ्यात नळीच काढली. पुढच्या 36 महिन्यांत नैसर्गिकरीत्या गर्भ राहून टिकण्याचं प्रमाण पहिल्या गटात 60.7 टक्के आणि दुसऱ्यात 56.2 टक्के निघालं, म्हणजे फारसा फरक नाही. म्हणून नळीच्या बाबतीत ‘एक गेली तरी चालेल’ असं आम्ही बऱ्यापैकी निश्चिंतपणे सांगतो. पिशवीचा खालचा भाग आणि गर्भाशयमुख एकच असतं. त्यामुळे तिथे पहिलं पाऊल विचार करूनच टाकावं लागतं.

क्युरेटिंगची भीती का? नेहमीच्या गर्भपातात वार पिशवीच्या वरच्या, जाड स्नायूच्या भागातून सुटते. तो स्नायू आकसतो, त्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्त थांबतं. सिझरच्या व्रणाच्या जागी स्नायू कमी आणि तंतुमय ऊतक जास्त असतं, ते आकसत नाही. गर्भ सुटला तरी वाहिन्या उघड्याच राहतात. त्यात क्युरेटचं धारदार टोक 3 मिलिमीटरच्या भिंतीवर फिरलं, तर ती फाटून मूत्राशयापर्यंत इजा होऊ शकते. पिशवी काढण्याची वेळ अनेकदा मूळ आजारामुळे कमी आणि अशा डोळे झाकून केलेल्या क्युरेटिंगनंतरच्या रक्तस्रावामुळे जास्त येते.

मग तुमचं दुसरं निदान बरोबर कशावरून? खाली दिसणाऱ्या सॅकचे तीन अर्थ असू शकतात: गर्भपात होता होता खाली उतरलेली सॅक, गर्भाशयमुखात रुजलेला गर्भ, आणि व्रणावर रुजलेला गर्भ. मी खालून सोनोग्राफी करते तेव्हा मूत्राशय पूर्ण रिकामं न ठेवता थोडं भरलेलं ठेवायला सांगते, कारण व्रण आणि मूत्राशय यांच्यामधली रेघ तेव्हाच स्वच्छ दिसते. प्रोबने गर्भाशयमुखावर हलकेच दाब देऊन बघते. गर्भपाताची सॅक आतल्या भिंतीवर किंचित घसरते, रुजलेली सॅक जागची हलत नाही. मग कलर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोनोग्राफी, लावते. निखळलेल्या सॅकभोवती रंग जवळपास नसतो. व्रणावरच्या गर्भाभोवती पुढच्या बाजूला, मूत्राशयाकडे, लाल-निळ्या ठिपक्यांची दाट कड दिसते. पिशवीचा वरचा भाग रिकामा, मुखाची नळीही रिकामी, आणि सॅक मधोमध पुढच्या भिंतीत रुतलेली, असं चित्र असेल तर शंका फारशी उरत नाही. ठोके चालू असतील तर ‘होत असलेला गर्भपात’ हे निदान तसंही डळमळतं. एमआरआय क्वचित लागतो. चांगल्या हातांनी केलेली सोनोग्राफी बहुतेकदा पुरते.

हे सगळं सहाव्या-सातव्या आठवड्यात जितकं स्पष्ट दिसतं तितकं पुढे दिसत नाही. सॅक वाढली की ती पिशवीच्या पोकळीत वर पसरते आणि नवव्या-दहाव्या आठवड्यात चित्र जवळपास नेहमीच्या गर्भासारखं वाटू लागतं. वार मात्र व्रणातच खोल शिरत राहते. ‘गर्भ आपोआप वर सरकेल का’ असं तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर यातच आहे. सॅक वर गेल्यासारखी दिसते, मुळं जागच्या जागी राहतात. गर्भ उचलून योग्य जागी लावण्याची कोणतीही पद्धत आज उपलब्ध नाही. ‘आणखी दोन आठवडे वाट बघू’ असं कुणी म्हणालं, तर कशाची वाट, हे जरूर विचारा.

एचसीजीबद्दलही गैरसमज आहे. एक्टोपिकमध्ये आकडा हळू वाढतो असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. नळीत ते बऱ्याचदा खरं असतं, कारण तिथे गर्भाला रक्तपुरवठा तोकडा पडतो. व्रणावर किंवा गर्भाशयमुखात तो भरपूर मिळतो, म्हणून आकडा अगदी झोकात वाढू शकतो. एचसीजी जागा सांगत नाही. तो उपचार निवडायला आणि उपचारानंतरची घसरण मोजायला उपयोगी पडतो.

आता उपचार. फक्त दंडात किंवा कमरेत मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन तुमच्यासाठी मी निवडणार नाही. हे औषध फॉलिक ॲसिडचं काम अडवून झपाट्याने वाढणाऱ्या पेशी थांबवतं. ठोके चालू असताना आणि आकडा 18,000 च्या पुढे असताना ते एकटं बऱ्याचदा अपुरं पडतं. आणि ते लागू होतंय का हे कळेपर्यंतच्या दिवसांत गर्भ वाढत राहतो, वाहिन्या वाढत राहतात. मग जी शस्त्रक्रिया आज सोपी होती ती दोन आठवड्यांनी अवघड होते.

तेच औषध सोनोग्राफीत बघत बारीक सुईने थेट सॅकमध्ये देता येतं, गरज पडली तर आधी पोटॅशियम क्लोराइड देऊन ठोके थांबवून. हा पर्याय चांगला आहे, पण चिकाटी लागते. एचसीजी शून्यावर यायला दोन-तीन महिनेही लागू शकतात, त्या जागी गाठीसारखा भाग सोनोग्राफीत त्याहून जास्त काळ दिसतो आणि मध्येच रक्तस्राव होऊ शकतो. जी बाई रुग्णालयापासून दूर राहते किंवा तपासणीला नियमित येऊ शकणार नाही, तिला मी हा मार्ग सुचवत नाही.

तुमच्या आकड्यांवरून, आणि भिंत खरोखर 3 मिलिमीटर असेल तर, माझा कल सोनोग्राफीच्या देखरेखीखाली सक्शनकडे जाईल. हे क्युरेटिंग नव्हे, इथे धारदार क्युरेट वापरत नाहीत. भूल दिलेली असते. सहकारी पोटावर प्रोब धरून उभा असतो आणि मी पडद्यावर बघत सक्शनची बोथट नळी व्रणाच्या कडेपर्यंतच नेते, तिथेच थांबून हळूहळू सॅक ओढून घेते. व्रणाच्या खोबणीत खरवडायचा मोह आवरावा लागतो. थोडं ऊतक राहिलं तरी चालतं, ते पुढे विरघळतं. रक्त सुरू झालं तर फुग्याचा कॅथेटर त्या जागी ठेवून सलाइनने फुगवायचा आणि आतून दाब द्यायचा, बारा ते चोवीस तास. फुगा टेबलावर आधीच उघडून ठेवलेला असतो. रक्त सुरू झाल्यावर शोधायला लागणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

भिंत याहून पातळ असेल किंवा गर्भ पोकळीकडे न वाढता मूत्राशयाच्या दिशेने फुगत असेल, तर खालून ओढून काढणं धोक्याचं. तिथे दुर्बिणीतून मूत्राशय बाजूला करून गर्भासकट तो कमकुवत व्रण कापून काढतात आणि भिंत नव्याने शिवतात. शस्त्रक्रिया मोठी आहे, पण दुसरं मूल हवं असलेल्यांना तिचा एक फायदा होतो: व्रणातली खोबण दुरुस्त होते. कुठल्या बाजूला कल द्यायचा हे शेवटी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हाताच्या सवयीवरही ठरतं, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. दुर्बिणीत मुरलेला सर्जन आणि सक्शनमध्ये मुरलेला सर्जन एकाच सोनोग्राफीवर वेगळा सल्ला देतील आणि दोघेही बरोबर असू शकतील.

गर्भाशयाच्या धमन्या बंद करण्याचा उपाय काही ठिकाणी सगळ्यांनाच आधी करतात. रक्त थांबवायला तो उत्तम आहे. पण पुढे मूल हवं असलेल्या बाईत तो सरसकट करायला माझी तयारी नसते, कारण गर्भाशयाच्या आणि काही वेळा बीजांडकोषाच्या रक्तपुरवठ्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो. हाताशी असावा, वापरला न गेला तर उत्तम.

‘गर्भ तसाच वाढवला तर?’ हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण ठोके ऐकून आलेली प्रत्येकजण मनात तो घेऊन येते. काही जणींनी गर्भ वाढवलाय आणि जिवंत बाळं जन्मली आहेत. पण अशा वेळी वार पिशवीच्या भिंतीत, कधी आरपार मूत्राशयापर्यंत रुतते. पिशवी फाटण्याचा आणि बाळंतपणात पिशवी काढावी लागण्याचा धोका खूप मोठा असतो. पुढे मूल हवं असलेल्या बाईला मी हा मार्ग सुचवत नाही. निर्णय तुमचा, पण तो हे ऐकून घेतलेला असावा.

तुमच्यासारखाच ‘विरळा प्रकार’ असा शिक्का घेऊन येणाऱ्या इतरांसाठी बाकी जागांबद्दलही लिहिते.

नळी पिशवीच्या भिंतीतून जाते तिथल्या गर्भाभोवती स्नायू असल्याने तो नळीतल्या गर्भापेक्षा उशिरा फुटतो, पण तिथे गर्भाशयाची आणि बीजांडकोषाची रक्तवाहिनी एकत्र येतात, म्हणून फुटला की रक्तस्राव भयंकर होतो. सोनोग्राफीत सॅक पिशवीच्या पोकळीपासून अलग, कडेला, आणि तिच्यावरचा स्नायू 5 मिलिमीटरपेक्षा पातळ दिसतो. इथे घोटाळा उलट्या दिशेनेही होतो. पोकळीच्याच कोपऱ्यात रुजलेला, नीट वाढू शकणारा गर्भ एक्टोपिक समजून संपवला जाऊ शकतो. म्हणून बाईची तब्येत स्थिर असेल तर थ्री-डी सोनोग्राफी करून, नाहीतर काही दिवसांनी पुन्हा बघूनच ठरवावं. त्या बाजूची नळी पूर्वी काढली असली तरी भिंतीतल्या उरलेल्या तुकड्यात गर्भ राहू शकतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. एक्टोपिकसाठी मेथोट्रेक्सेट वापरल्याची पहिली यशस्वी नोंद 1982 मध्ये जपानमधून आली, ती याच प्रकाराची होती. लवकर सापडलं तर औषध चालतं, नाहीतर दुर्बिणीतून छोटा छेद घेऊन गर्भ काढून स्नायू नीट शिवतात. पुढच्या वेळी कळा येण्याआधी ठरवून सिझर करावं, असं मी सांगते.

गर्भाशयमुखातल्या गर्भात पिशवी वाळूच्या घड्याळासारखी दिसते, वर रिकामी आणि खाली फुगलेली. पूर्वी यात पिशवी काढणं हाच नेहमीचा शेवट असे. आता शरीरात आणि सॅकमध्ये औषध, गरजेला फुगा, असं करून ती बहुतेकदा टळते.

बीजांडकोषातला गर्भ सोनोग्राफीत पिवळ्या पिंडासारखा (अंडं सुटल्यावर बीजांडकोषात उरणाऱ्या गाठीसारखा) भासतो, म्हणून निदान बऱ्याचदा दुर्बिणीतच होतं. त्याची शस्त्रक्रियेतली ओळख पटवणारे निकष श्पीगेलबर्ग यांनी 1878 मध्ये मांडले, ते अजूनही वापरले जातात. तेवढाच भाग कापून घेतला तर बीजांडकोष वाचतो. घाईत तो अख्खा काढायची गरज क्वचितच पडते.

आयव्हीएफनंतर एक गर्भ पिशवीत आणि एक बाहेर, असंही होतं. पिशवीत सॅक दिसली म्हणून शोध थांबवायचा नाही आणि पिशवीतला गर्भ हवा असेल तर मेथोट्रेक्सेट अजिबात द्यायचं नाही. जन्मतः अर्धवट वाढलेल्या गर्भाशयाच्या एका बाजूत (‘शिंगात’) गर्भ असेल तर ते शिंग नळीसकट काढावं लागतं आणि मूत्रपिंडांची तपासणी जोडीने करावी, कारण त्या बाजूचं मूत्रपिंड नसणं किंवा वेगळ्या जागी असणं अशा बाईत बरेचदा आढळतं. पोटाच्या पोकळीतला गर्भ हा वेगळाच विषय आहे. आतड्यावर चिकटलेली वार ओढून काढायची नसते, एवढंच इथे सांगते.

पुन्हा तुमच्याकडे. उपचारानंतर एचसीजी शून्य होईपर्यंत दर आठवड्याला तपासा, ‘कमी झालाय’ एवढ्यावर थांबू नका. मेथोट्रेक्सेट मिळालं असेल तर तो काळ फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं, मद्य आणि कडक ऊन टाळा, आणि किमान तीन महिने गर्भ राहू देऊ नका. या औषधाने अंडी संपतात ही भीती ऐकते, पण एक्टोपिकसाठी देतात त्या मात्रेत बीजांडांच्या साठ्यावर कायमचा परिणाम झाल्याचं दिसलेलं नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर पुढच्या गर्भाला त्रास होऊ नये म्हणून दिलं जाणारं अँटी-डीचं इंजेक्शन विसरू नका.

व्रण भरायला मी साधारण वर्षभर थांबायला सांगते. त्याआधी एकदा सोनोग्राफीत व्रणाची जाडी बघून घ्यावी. खोबण फार खोल असेल तर दुरुस्तीचा विचार होऊ शकतो, सगळ्यांना लागत नाही. पुढची पाळी चुकली की सहाव्या आठवड्याच्या आसपास खालून सोनोग्राफी, ‘सगळं ठीक वाटतंय’ म्हणून ती पुढे ढकलायची नाही. असा गर्भ पुन्हा व्रणावर राहू शकतो, म्हणून ही तपासणी. बहुतेकींना तो योग्य जागीच राहतो. आणि तुम्ही लिहिलंत की ‘पहिलं सिझर नीट झालं नसेल का’. व्रणावर गर्भ राहिलेल्यांपैकी जवळपास निम्म्या जणींचं एकच सिझर झालेलं असतं, साधं, काहीही न बिघडलेलं. कुणाकडे बोट दाखवावं असं त्यात काही नसतं.

रुग्णालयात गेल्यावर चार गोष्टी विचारा. भिंतीची जाडी स्वतः मोजली का आणि किती निघाली? गर्भ पोकळीकडे वाढतोय की मूत्राशयाकडे? अशा किती जणींवर इथे उपचार केलेत आणि कोणत्या पद्धतीने? रक्तस्राव झाला तर पुढची पायरी काय, आणि रक्त, फुगा, दुर्बीण यातलं काय इथेच हजर आहे? संमतीपत्रावर ‘गरज पडल्यास पिशवी काढणे’ लिहिलेलं असेल, ते वाचून घाबरू नका, ते लिहावंच लागतं. पण ती गरज कोणत्या क्षणी मानली जाईल आणि त्याआधी काय काय करून पाहिलं जाईल, हे सही करण्याआधी त्यांच्या तोंडून ऐका. आणि हे सगळं याच आठवड्यात करा.